कायदा नाही, मग मांडव टाकायचा का?

"ताई, कोर्टानंच नाही म्हटलंय. मग आम्ही लग्न करायचं तरी कशाच्या जोरावर?"

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. तेव्हापासून जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न किती जणांनी विचारला, त्याचा हिशेब राहिलेला नाही. भुसावळ, धुळे, नंदुरबारहून जोडपी येतात. काही जण तर ओळखीचं कुणी बघेल म्हणून वेगवेगळ्या एसटीनं येतात.

त्यातल्याच या दोघी. एक यावलकडची, केळीच्या बागा असलेल्या घरातली, खाजगी शाळेत शिकवणारी. दुसरी धुळ्याची, ठिबकच्या एका कंपनीत हिशेब सांभाळणारी. सात वर्षांची सोबत. लग्न छोटंसंच, पण वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचंच जेवण हवं, हे दोघींचं पक्कं होतं.

पहिल्या तीन भेटी कायद्यातच गेल्या. यावलची निकालातले परिच्छेद मोबाइलवर उघडून दाखवायची. मी ऐकत राहिले. एकटं माणूस माझ्यासमोर कधीच बसत नाही, त्याच्यामागे त्याचं सगळं घर बसलेलं असतं, असं मी मानते. या मुलीच्या मागे मात्र तीन भेटी नुसतं कोर्टच दिसत होतं. ते मला खटकत होतं.

चौथ्या भेटीत विचारलं, "पाहुण्यांची यादी केलीत का?"

दोघी हसल्या. यावलच्या मुलीनं पर्समधून वहीचं चार घड्यांचं पान काढलं. पेननं लिहिलेली ४१ नावं. सगळ्यात वर मात्र पेन्सिलनं काहीतरी लिहून खोडलेलं, आणि ते इतक्या वेळा, की तिथं कागद झिजून पलीकडचं दिसत होतं.

"यातलं कोण निकाल बघून येणार आहे?"

"कुणीच नाही."

"आणि हे वरचं नाव?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आई."

"निकाल तुमच्या बाजूनं लागला असता तर?"

"पेपरात आलं असतं. आई रोज पेपर वाचते. मला काही सांगावंच लागलं नसतं."

धुळ्याची हळूच म्हणाली, "म्हणजे आईला सांगायचं काम तू कोर्टावर सोपवलं होतंस?"

यावलची रडायला लागली. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामातून आलेलं ते गप्प बसणं होतं, आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं. कायद्याची काळजी खोटी नव्हती. पण तिच्याच गाठोड्यात आईची भीती बांधलेली होती, म्हणून ते उचलवत नव्हतं. त्यानंतर अनेक जोडप्यांत मला हेच दिसलं. म्हणून आता मी आधी यादी मागते.

गाठोडं सुटलं की कायद्याचा भाग नेमका बघता येतो. २०१८ पासून दोन सज्ञान व्यक्तींचं असं नातं हा गुन्हा नाही. मांडव टाकणं, हळद लावणं, हार घालणं यालाही कायद्याची आडकाठी नाही. मिळत नाही ती नोंदणी, आणि तिच्यासोबत जोडीदार म्हणून आपोआप येणारे हक्क, वारसा धरून. हे नुकसान खरं आहे, मी ते कुणाला कमी करून सांगत नाही. पण जे आज कागदावर करता येतं ते लग्नाआधीच करा. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराचं नामनिर्देशन करायला बंधन नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेतो एवढंच. म्हणून मृत्युपत्र हवंच, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्यानुसार कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो जोडीदारही असू शकतो. या सगळ्यासाठी वकील गाठा, व्हॉट्सअॅपवरचे सल्ले नकोत.

आईचा भाग कुठलाच वकील करून देत नाही. यावलची श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला घरी गेली, तेव्हा विसर्जन झाल्यावर चुलीपाशी बसून तिनं आईला सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "लोकं काय म्हनतीन?" आणि उठून गेली. पुढचे काही आठवडे फोनवर फक्त पावसाचं आणि केळीच्या भावाचं बोलणं.

परवा दोघी तारीख सांगायला आल्या. आईनं अजून होकार दिलेला नाही. यादीचं पान नवीन होतं, पहिलं नाव पेननं लिहिलेलं. आचाऱ्याला त्यांनी ४२ पानं सांगितली आहेत.