खिळा नाही, तरी पंक्चर

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची हिमालयन 411 आहे. सातारा ते कास-बामणोली आणि पुढे कच्च्या वाटांनी माझे फिरणे असते. पकड चांगली मिळते असे ऐकून मागच्या चाकातली हवा मी 18 पीएसआयपर्यंत उतरवली होती. महिन्याभरात दोनदा पंक्चर झाले. टायरमध्ये खिळा किंवा तार सापडली नाही, पण दोन्ही वेळा ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा होत्या. आता जाड ट्यूब घालावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चिरांचे वर्णन आपण कळवले हे फार चांगले केले, कारण दुखणे त्यावरूनच कळते. खिळ्याने सहसा एकच बारीक भोक पडते. शेजारच्या दोन चिरा म्हणजे ट्यूब चिमटली आहे. दगडावर चाक आपटले की कमी हवेचा टायर थेट रिमपर्यंत दबतो आणि मध्ये सापडलेली ट्यूब दोन ठिकाणी चिरते. टायर लिव्हरखाली (टायर काढण्या-चढवण्याच्या लोखंडी पट्टीखाली) ट्यूब सापडली तरी अशीच खूण उमटते, पण तेव्हा हवा टायर चढवल्यावर लगेच किंवा पहिल्या काही किलोमीटरांतच जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब, चाक थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजून भरावा; कच्च्या वाटेसाठी हवा उतरवलीच, तर वेग कमी ठेवावा आणि डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरावी.

आता ट्यूबविषयी. तीन-चार मिलिमीटर जाडीची ट्यूब चिमटण्याला सहजासहजी दाद देत नाही, पण लांब खिळ्यापुढे तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय ती जड असते, महामार्गावर जास्त तापते आणि रस्त्याकडेला बसवताना घाम काढते. आपला बराच प्रवास डांबरावर होत असेल, तर नेहमीच्या जाडीची, नैसर्गिक रबराची, मागच्या टायरच्या 120/90-17 या मापाला चालणारी ट्यूब घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्युटाइल या कृत्रिम रबराची ट्यूब हवा जास्त दिवस धरते हे खरे, पण नैसर्गिक रबर अधिक ताणले जाते आणि त्यावर पॅच चांगला बसतो. लहान मापाची ट्यूब ताणून बसवू नये, कारण ताणली की ती पातळ होते.

बसवण्याआधी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवावीत. बाहेरून न दिसणारे काट्याचे टोक तिथे हाताला लागते. स्पोकच्या निपलांवरची (रिममधल्या स्पोकच्या टोकांवरची) रिमपट्टी जागेवर आहे ना, हे पाहावे. व्हॉल्व्हच्या देठावरचा नट रिमला घट्ट न आवळता वर टोपीला टेकवून ठेवावा. टायर रिमवर सरकू लागला की देठ तिरका होतो आणि ट्यूब देठापाशी फाटण्यापूर्वी ते आपल्या लक्षात येते.

प्रश्न : दूरच्या प्रवासात पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब न्याव्यात का?

उत्तर : जागा असेल तर अवश्य न्याव्यात. एकच मावत असेल तर पुढची, 21 इंची न्यावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या 17 इंची चाकात घड्या नीट बसवून घातली की गावापर्यंत नेते, पण मागची ट्यूब पुढच्या चाकात चालत नाही. मात्र गावात पोहोचताच योग्य मापाची ट्यूब घालून घ्यावी.