बाबांच्या देखत, बाबांना वगळून

प्रिय ताई,

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर तुमच्या ७४ वर्षांच्या वडिलांना केपसायटॅबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून ते एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, विश्रांतीच्या आठवड्यातही त्यांनी गोळ्या घेतल्या आणि डॉक्टर सगळे काही तुमच्या भावालाच सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. हे वयामुळेच होते असे समजून सोडून द्यावे का, हा तुमचा प्रश्न आहे. कृपया सोडून देऊ नका.

जास्तीच्या गोळ्यांची गोष्ट पुढच्या तपासणीपर्यंत न ठेवता आजच डॉक्टरांना फोनवर कळवा. साधारणपणे १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस विश्रांती असे हे चक्र असते आणि ती विश्रांती शरीर सावरावे म्हणूनच असते. जुलाब, तोंडात फोड किंवा तळहात-तळपायांना लाली असल्यास तेही सांगा. यापुढे घरातील एकाच व्यक्तीने गोळ्या द्याव्यात आणि दिलेल्या गोळीची खूण कॅलेंडरवर करावी.

कर्करोगाच्या उपचारांमुळे स्मरण आणि एकाग्रता मंदावू शकते. पण अपुरी झोप, रक्तक्षय, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही तसेच होते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. तीन शब्द लक्षात ठेवून सांगणे आणि घड्याळाचे चित्र काढणे अशी काही मिनिटांची प्राथमिक चाचणी असते. ती करावी, असे तुम्हीच डॉक्टरांना सुचवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वयोवृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र ओपीडी आहे, तिथेही दाखवता येईल. मात्र बाबा एक-दोन दिवसांतच गोंधळले, असंबद्ध बोलू लागले किंवा नेहमीपेक्षा गुंगीत राहू लागले, तर तो विसराळूपणा समजू नका. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, लघवी अडकणे अशी कारणे त्यामागे असू शकतात, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तुमच्या पत्रातील मला सर्वाधिक खुपलेली गोष्ट म्हणजे बाबा समोर बसलेले असताना त्यांच्याविषयी चाललेले बोलणे. ज्याला कमी ऐकू येते आणि ज्याच्याशी कोणी बोलतच नाही, तो माणूस गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण समज कमी झाली असे म्हणतो. श्रवणयंत्र असेल तर ते लावून आणि चष्मा घालूनच त्यांना न्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी अशी विनंती करा. ती करण्यात संकोच कसला? ‘समजले ना?’ असे विचारले की आपली वडीलधारी माणसे मान डोलावून मोकळी होतात, म्हणून ‘बाबा, आता गोळी कधी घ्यायची, ते तुम्ही मला सांगा’ असे म्हणा. चुकले तर न रागावता पुन्हा सांगा.

आईंच्या आग्रहामुळे घरात अजून ‘गाठ’ एवढेच म्हटले जाते. त्यामागची माया मी जाणते. तरीही आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे, हे बाबांनाच ठरवू द्यावे. सकाळी, ते ताजेतवाने असताना, ‘डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर ऐकायचे आहे का?’ असे त्यांना विचारा. नको म्हणाले तर थांबा. विचारू लागले तर खोटे सांगू नका, आणि त्यांना डॉक्टरांना जे विचारायचे असेल ते मोठ्या अक्षरांत लिहून पुढच्या भेटीत तो कागद त्यांच्याच हाती द्या.