ऑटो-स्टेनरमधून निघालेल्या स्लाइडची केंद्रके लालसर का राहतात?

निपाणीच्या भगिनींनी विचारले आहे की, बोअरच्या पाण्याने क्षार साचतात म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेतील ऑटो-स्टेनरला (ऊतीच्या स्लाइड आपोआप रंगवणाऱ्या यंत्राला) आरओचे पाणी जोडले, तेव्हापासून पेशींची केंद्रके निळी न होता लालसर राहतात, पावसाळ्यात काही स्लाइड दुधाळ दिसतात, आणि कंपनीचा अभियंता मात्र यंत्र निर्दोष असल्याचे सांगून गेला. माझ्या मते अभियंत्याचे म्हणणे बरोबर आहे. यंत्र ठरवून दिलेली वेळ चोख पाळते, पण पात्रात काय भरले आहे हे त्याला कळत नाही. हाताने रंगवताना तंत्रज्ञ स्लाइड उचलून पाहतो आणि रंग उतरला नसेल तर तिला पाण्यात आणखी थोडा वेळ ठेवतो. यंत्र आल्यावर ही नजर मध्ये राहत नाही.

केंद्रकांना रंगवणारे हिमॅटॉक्सिलिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर राहते आणि अल्कधर्मी पाण्यात निळे होते. आपल्याकडील जड बोअरच्या पाण्याने हे काम आजवर आपोआप होत होते. आरओच्या पाण्यात ते क्षार जवळजवळ उरत नाहीत, शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. म्हणून आरओची जोडणी तशीच ठेवावी, पण ब्लूइंगसाठी, म्हणजे हा रंग निळा करण्यासाठी, एक पात्र वेगळे करून त्यात एक लिटर पाण्याला 3.5 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घातलेले द्रावण भरावे व ते रोज बदलावे. त्यातून निघालेली ओली स्लाइड पांढऱ्या कागदावर धरली, तर छेदाचा (स्लाइडवरील ऊतीच्या पातळ कापाचा) लालसरपणा जाऊन तो स्वच्छ निळा झालेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यानंतर पाण्याने धुणे टाळू नये, कारण पुढच्या पायरीतील इओसिन या गुलाबी रंगद्रव्याला किंचित आम्लधर्मी द्रावण मानवते आणि मागून आलेल्या अल्कलीने ते फिके पडते.

दुधाळपणाचे कारण पाणी हेच आहे. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी हवेत ॲब्सोल्यूट (निर्जल) अल्कोहोल उघडे राहिले की ओलावा शोषून घेते, आणि तो ओलावा स्लाइडबरोबर झायलीन या पुढच्या द्रावकात जातो. निर्जल, पांढरे मोरचूद चिमूटभर त्या अल्कोहोलमध्ये टाकावे. ते निळे झाले तर अल्कोहोल बदलावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. छेदाचा मधला भाग विस्कटलेला दिसत असेल, तर दोष रंगाचा नसून स्थिरीकरणाचा, म्हणजे नमुना फॉर्मेलिनमध्ये नीट मुरवण्याचा, असतो. खेड्यावरून संध्याकाळच्या बसने आलेला नमुना पुष्कळदा लहान बाटलीत, जेमतेम बुडेल एवढ्याच फॉर्मेलिनमध्ये असतो. नमुन्याच्या किमान दहापट फॉर्मेलिन हवे, आणि काप 3 ते 4 मिलिमीटरहून जाड नसावेत. असा नमुना त्याच रात्री टिश्यू प्रोसेसरमध्ये (नमुन्यातील पाणी काढून त्यात मेण भरणाऱ्या यंत्रात) टाकला, तर फॉर्मेलिन न पोहोचलेल्या मध्यभागावर थेट अल्कोहोलचा परिणाम होतो. प्रोसेसरला उशिरा सुरू होण्याची सोय असते, ती वापरावी.

निपाणी हा तंबाखूचा पट्टा असल्याने आपल्याकडे तोंडाच्या बायोप्सी येतच असतील. केरॅटिन, स्नायू आणि लाल रक्तपेशी यांच्या गुलाबी छटा वेगवेगळ्या दिसल्या, तर इओसिन ठीक आहे असे समजावे. अहवाल देऊन झालेल्या अशाच एखाद्या जुन्या ब्लॉकची (मेणात बसवलेल्या नमुन्याची) एक स्लाइड रोज सकाळी यंत्रातून रंगवून काढावी, आणि पॅथॉलॉजिस्टनी ती पाहून होकार दिल्यावरच रुग्णांच्या स्लाइड रॅकमध्ये लावाव्यात.