आभार मानायचे तर नाव माहीत हवं

सप्रेम आशीर्वाद.

रोज रात्री तीन गोष्टींचे आभार लिहायची सवय तू लावून घेतलीस आणि महिनाभरात ती वही कोरडी वाटायला लागली, असं तुझ्या पत्रात आहे. ‘निसर्ग’, ‘आरोग्य’, ‘आईबाबा’ हेच शब्द फिरून फिरून येत राहिले. यात तुझ्या मनाचा दोष नाही. ‘निसर्गाचे आभार’ हे वाक्यच इतकं ढोबळ आहे की आभार कोणाचे आणि कशाबद्दल, हे त्यात कुठेच येत नाही. देणाऱ्याचं नाव आणि दिलेली वस्तू, दोन्ही माहीत असल्याशिवाय कृतज्ञता फार दिवस टिकत नाही. म्हणून आधी काही महिने फक्त पाहायला शीक. आभार मागाहून येतील आणि ते नेमके असतील.

आपल्याकडे चातुर्मासात एखादा नेम धरतात. तसाच वर्षभराचा एक नेम तू धर. एक झाड निवड. ते घरापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत असावं. लांबच्या टेकडीवरचं सुंदर झाड निवडलंस तर पावसाळ्यात नेम मोडेल. सोसायट्यांच्या कडेने उभे असलेले उंच आसुपालव टाळ, कारण त्यांच्यातला बदल नवख्या डोळ्याला दिसत नाही. नारळही नको. कुंडीतलं रोप तर नकोच, त्याला पाणी तू घालतोस, त्यामुळे त्याचा ऋतू तुझ्या आठवणीवर चालतो. पिंपळ, काटेसावर, बहावा, करंज, कडुनिंब यांपैकी काहीही चालेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तिथे दहा मिनिटं उभा राहा आणि सहा गोष्टी पाहा: कोवळी पालवी, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकीपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’ एवढंच लिही. सीझनवॉच नावाच्या देशव्यापी उपक्रमात शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत अनेकजण जवळपास अशाच साध्या नोंदी करतात. त्यामुळे पद्धत पोरकट वाटली तरी सोडू नकोस.

हा नेम कुठे बिघडतो तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे पाहिलेलं न लिहिता वाटलेलं लिहिणं. ‘झाड प्रसन्न होतं’ या वाक्यातून पुढच्या वर्षी काहीच हाती लागत नाही, पण ‘खालच्या फांद्यांवर तांबूस पालवी थोडी, वरच्या अजून उघड्या’ यातून लागतं. दुसरी चूक फोटोवर भागवण्याची. फोटो काढला की डोळा सुटी घेतो, म्हणून आधी लिही, मग हवा तर फोटो काढ. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. एखादा आठवडा चुकतो आणि माणूस आठवणीतून तो भरून काढतो. असं करू नकोस. जागा रिकामी सोड. रिकामी जागाही खरीच नोंद असते, अंदाजाने भरलेली खोटी असते, आणि जे खोटं नोंदवलं त्याबद्दल मनापासून आभार मानता येत नाहीत.

तारखेचं थोडं सविस्तर सांगायला हवं. पुस्तकात सहा ऋतू आणि दोन-दोन महिने अशी मांडणी असते. तिच्याप्रमाणे वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदात येतो, पण महाराष्ट्रात पाऊस ज्येष्ठ-आषाढातच सुरू झालेला असतो. शिवाय चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी दरवर्षी मागे सरकत जातात आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतात. 2023 साली अधिक श्रावण होता, 2026 साली अधिक ज्येष्ठ. म्हणून नुसत्या तिथीवर केलेली नोंद वर्षावर्षांत जुळत नाही. शेतकऱ्याने पावसासाठी तिथीऐवजी सूर्याची नक्षत्रं धरली ती याच कारणाने. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. एवढी नावं पावसाला दिली गेली, कारण प्रत्येक पावसाने वेगळं काम केलं: कोणी पेरणी साधली, कोणी रोप जगवलं, कोणी दाणा भरला. वहीत इंग्रजी तारीख, तिथी आणि नक्षत्र, तिन्ही लिही. सण तिथीने येतात, पालवी आणि पाऊस सूर्याच्या चालीने येतात, हे दोन वर्षांत तुझं तुलाच दिसेल.

पाऊस मोजायलाही शीक. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली घे. जिथे निमुळती होऊ लागते तिथे कापून वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसव. तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे टाक आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मार. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटव. ही बाटली भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेव. अडथळा जितका उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं. जमिनीपासून फूटभर वर ठेवलीस तर उडालेले शिंतोडे आत जाणार नाहीत. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तूही तेव्हाच मोज, डोळा पाण्याच्या पातळीला आणून. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आण. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशीचा आकडा फुगतो. उघडीप असेल तेव्हा पाणी आटून शून्याखाली जातं, तेही रोज भरून घ्यावं लागतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची शंभर चौरस मीटरची असेल आणि रात्री दहा मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर तुम्ही झोपेत असताना त्या गच्चीवर हजार लिटर पाणी आलं. ‘पाऊस छान झाला’ आणि ‘हजार लिटर आलं’ या दोन वाक्यांतलं अंतर एकदा अनुभव. दुसऱ्या वाक्यापाशी मनात जे हलतं, त्याला मी अध्यात्माची सुरुवात म्हणतो. न मागता, न कमावता, मोजून मिळालेलं हे देणं आहे, आणि ते गच्चीवरून गटारात गेलं की जमिनीत मुरलं की विहिरीत, हा पुढचा प्रश्न तुझ्या वाट्याचा.

याच आकड्यांत भीतीही आहे, ती वगळू नकोस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला 75 मिलिमीटरही भरला नाही. त्या पावसात माणसं गेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने काढणीला आलेली द्राक्षं आणि गहू झोपवला. अशा दिवशी वहीत फक्त जे झालं ते लिही. आभाराचं वाक्य जबरदस्तीने जोडू नकोस, आणि ज्याचं पीक गेलं त्याला ‘यातही काहीतरी चांगलं असेल’ असं तर कधीच सांगू नकोस. देणं आणि नेणं एकाच आकाशातून येतं, हे माहीत असूनही जी कृतज्ञता उरते तीच खरी. बाकीची सहलीची खुशी आहे.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण तुझ्या वयाची माणसं तो ऋतू वगळूनच वर्ष मोजतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त शिकवतो तो तोच. काटेसावर पानं टाकून माघ-फाल्गुनात फुलते. पळस त्याच सुमारास पेटतो. त्या दिवसांत आसपास मध फार थोड्या झाडांत असतो, म्हणून मैना, सूर्यपक्षी, खारी दिवसभर त्या फुलांवर असतात. नंतर, विहिरी खाली जाऊ लागतात तेव्हा, पिंपळ तांबूस पालवीने भरतो, कुसुंब लालभडक होतो, करंज पोपटी. मग एप्रिल-मेमध्ये बहाव्याला पिवळे घोस लागतात. जमिनीच्या वरच्या थरात ओल नसताना ही पालवी येते कुठून? जुनी पानं टाकल्यामुळे झाडाचा पाण्याचा खर्च थांबलेला असतो, खोल मुळं खालची ओल खेचत असतात आणि खोडातही पाणी साठलेलं असतं. पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, ही ती तयारी असते. कोवळ्या पानांतला लाल रंगही उगाच नसतो. त्या रंगद्रव्यामुळे नाजूक पेशींना उन्हापासून आडोसा मिळतो, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

पानगळही नीट पाहा. पान नुसतं सुकून पडत नाही. झाड आधी त्यातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच प्रमाणात परत फांदीत ओढून घेतं, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. त्यागाबद्दल कीर्तनात जे ऐकलंस ते यापुढे ठेवून बघ. पडलेली पानं मात्र जाळू देऊ नकोस. वाऱ्याच्या जागेपासून दूर, जाळीच्या पिंपात पानांचे वीतभर थर दे, प्रत्येक थरावर मूठभर माती आणि थोडं शेणपाणी शिंपड, पिळलेल्या फडक्याइतकी ओल राख. चार-सहा महिन्यांत खत होतं. पानं महिनोन् महिने तशीच राहिली तर ओल कमी पडते, घाण वास आला तर ती जास्त झाली असं समज.

आपल्या सणांमध्ये हे आभार आधीपासून बांधलेले आहेत, पण आता त्यांतलं नेमकेपण गळालं आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून त्या दिवशी अंगणात आणि परसात वाढलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. वर्षभर कोण राबतो, याची आठवण एका दिवसाच्या जेवणातून दिली जाते. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळा अमावस्या असते. सगळं घर शेतात जातं, ज्वारीच्या कडब्याची खोप करतात, भज्जी म्हणजे मिश्र भाजी आणि आंबिल यांचा नैवेद्य आधी शेताला दाखवतात आणि मग माणसं जेवतात. आधी जमीन, मग आपण, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. संधी मिळाली तर एकदा जा. उलट दसऱ्याला आपट्याच्या आणि वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात, तो आभाराचा व्यवहार उरत नाही. उभ्या झाडाखाली जा, तिथेच हात जोड.

वहीतलं आभाराचं वाक्य आठवड्यातून एकच असू दे, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणी दिलं, नेमकं काय दिलं, आणि मी काय परत करणार. मृगाच्या सरीनंतर ठाणे-पालघरच्या बाजारात थोडे दिवस शेवळं ही रानभाजी येते. शेवळं घशाला खाजतात, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म काटे असतात. त्यासाठी काकडं ही आंबट रानफळं किंवा चिंच घालून शिजवतात. तिथे आभार पावसाचे, डोंगराचे आणि ती जुडी पहाटे खुडून आणणाऱ्या बाईचे. तिच्याशी घासाघीस न करणं हे परत करणं झालं. झाडाच्या बाबतीत परत करणं आणखी सोपं आहे. खोडाला भिडलेलं काँक्रीट किंवा पेव्हर असेल तर मीटरभर माती मोकळी करून घेण्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज कर, आणि खोडात ठोकलेले फलकांचे खिळे काढायला सांग. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं लहान झाड जवळ असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी, सावकाश, बुंध्यापासून जरा लांब गोलाकार दे. बुंध्यालाच ओतलेलं पाणी तिथेच साचून साल कुजवतं. पक्ष्यांसाठी पसरट मातीचं भांडं दोन इंचांहून खोल नको, पाणी रोज बदल आणि भांडं घास, नाहीतर तू डास पाळशील.

पहिल्या वर्षी काही अर्थ लागला नाही तर घाबरू नकोस. अर्थ दुसऱ्या वर्षी त्याच तारखेचं पान उघडल्यावर लागायला लागतो, कारण तेव्हा पहिल्यांदा वाट पाहणं सुरू होतं. नोकरीसाठी उद्या दूर कुठे गेलास तर तिथलं झाड धर. मेलबर्नला मकर संक्रांत भर उन्हाळ्यात येते, तिथे तीळगूळ वाटून झाला तरी वहीत तिथलाच ऋतू लिहायचा.

रोहिणी लागायच्या आधी झाड ठरव आणि बाटली कापून ठेव. पहिल्या चार आठवड्यांच्या नोंदी मला पाठव, आभाराची वाक्यं नको, फक्त ‘नाही, थोडी, पुष्कळ’ आणि पावसाचे आकडे. त्यावर पुढचं लिहीन.

कळावे, लोभ आहेच.