केळीच्या सालीतलं पेक्टिन

प्रश्न : आमचं कच्च्या केळीच्या वेफर्सचं युनिट आहे. साली वाया जातात, म्हणून पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ) काढून पाहिलं. साली वाटून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अडीच तास उकळल्या. गाळताना फडकं चोंदलं आणि स्पिरिट ओतल्यावर काळपट चिखल तळाशी बसला. काय चुकलं?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : चिखलात बराचसा स्टार्च असणार. कच्च्या सालीला गर चिकटलेला असतो. तापवला की त्याची खळ होते, फडकं चोंदतं, आणि स्पिरिटमध्ये पेक्टिनसोबत तीही खाली बसते. त्यामुळे स्टार्च थंड असतानाच काढा. साल निघाल्याबरोबर लिटरला ५ ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात टाका, म्हणजे काळी पडणार नाही. मग जाडसर वाटून, कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तशी थंड पाण्यात तीनदा कालवून पिळा. ते पाणी टाका, चोथा ठेवा.

चोथ्याच्या दुप्पट पाणी घ्या, लिंबूसत्त्वाने पीएच (आम्लतेचं माप) २ वर आणा (पट्टीने मोजा, चवीवर जाऊ नका) आणि ८५ अंशांवर तासभर ठेवा. खळखळ उकळायचं नाही. अडीच तासांत पेक्टिनच्या साखळ्या तुटतात. मग उतारा दिसतो, पण जेली धरत नाही. भांडं स्टीलचंच हवं, ॲल्युमिनियम आम्लात विरघळतं.

रस गरम असतानाच गाळा. थोडा थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा झाला तर स्टार्च उरलाय. नंतर काचेच्या पेल्यात एक चमचा रस, दोन चमचे ९५ टक्के अल्कोहोल घालून हलकेच फिरवा. काडीवर अखंड गोळा उचलला गेला तर माल चांगला. नुसते तंतू आले तर कच्चा. ही चाचणी चाखायची नाही. चाचणी जमली की सगळ्या रसात त्याच्या दुप्पट अल्कोहोल घाला आणि निघालेला गोळा ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुऊन ५० अंशांखाली वाळवा.

आता खर्चाचं. १०० किलो सालीचा रस अडीचशे लिटरच्या आसपास, म्हणजे अल्कोहोल पाचशे लिटर! व्हॅक्युममध्ये आटवून रस एक चतुर्थांश केला तर सव्वाशेत भागतं, पण तेही ऊर्ध्वपातनाने परत मिळवायला हवं. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि त्या खोलीत भट्टी, बिडी, उघडं स्विच काहीही चालत नाही. रंगवलेलं स्पिरिट खाद्यमालाला वर्ज्य. मोसंबीच्या वाळक्या सालीत पेक्टिन २० ते ३० टक्के असतं, बाजारात तुमची गाठ त्या मालाशी आहे. एकट्या युनिटला हे झेपेलसं वाटत नाही. रावेर-यावलची चार-पाच युनिटं एकत्र येणार असाल तरच यंत्रांचे भाव काढा.