माणूस आत, लाइट बंद

हिवाळ्यात ओसरीतला सेन्सर दहा पावलांवरून माणूस टिपायचा. मे महिन्यात समोरून चालत गेलं तरी लाइट लागत नाही. सेन्सर बिघडला का? (परभणी)

बिघडलेला नाही, बदलू नका. पीआयआर म्हणजे उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला माणूस दिसत नाही. त्याला दिसते ती अंगाची उष्णता, आणि तीसुद्धा मागच्या भिंतीपेक्षा वेगळी असेल तरच. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. जानेवारीत भिंत गार असते, म्हणून माणूस उठून दिसतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की सावलीतली भिंतही अंगाइतकीच तापते आणि माणूस तिच्यात मिसळून जातो. कूलर आणि उन्हानं तापणारं पत्र्याचं दार त्याच्या नजरेसमोर येऊ देऊ नका, नाहीतर कुणी नसताना लाइट लागेल. बसवताना तो वाटेच्या बाजूला लावा. आडवं गेलेलं माणूस त्याला चटकन कळतं, सरळ अंगावर चालत आलेलं उशिरा.

अंघोळ करताना बाथरूमची लाइट मधेच जाते. हात हलवावा तेव्हा येते. होम असिस्टंट या घरातले दिवे आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचा डिले दिला आहे. (छत्रपती संभाजीनगर)

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. तुमचं ऑटोमेशन असं असणार: हालचाल झाली, लाइट लाव, दोन मिनिटं थांब, बंद कर. त्याचा मोड ‘सिंगल’ असेल तर त्या दोन मिनिटांत तुम्ही कितीही हललात तरी नवी हालचाल मोजलीच जात नाही. मोड ‘रीस्टार्ट’ केला की प्रत्येक नव्या ट्रिगरला, म्हणजे हालचालीच्या इशाऱ्याला, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. पण तेवढ्यानं काम संपत नाही. सेन्सर सलग ‘चालू’च राहिला तर नवा ट्रिगर येत नाही आणि लाइट तरीही जाते. म्हणून डिले काढून टाका. ‘सेन्सर सलग पाच मिनिटं बंद दाखवत असेल तर लाइट बंद कर’, अशी अट लिहा.

बॅटरीवरचे बरेच झिग्बी (कमी विजेवर चालणारं बिनतारी तंत्र) सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी एकदा हालचाल कळवली की मिनिटभर गप्प बसतात. लाइट बंद करायला तीस सेकंदांची वेळ ठेवणाऱ्यांचा घात तिथेच होतो.

हे मी घरीच शिकलो. आई रात्री उठते, म्हणून खाटेजवळ सेन्सर लावला होता. एके रात्री ती काठावर बसून पायानं चपला चाचपत होती. गुडघ्यामुळे तिला उठायला वेळ लागतो. ती उभी राहायच्या आत अंधार झाला. मी दारातून पाहत होतो, काळजात चर्र झालं. दुसऱ्याच दिवशी वेळ पाच मिनिटांवर नेली आणि सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, म्हणजे पाय खाली टेकताच त्याला कळतं. रात्री अकरानंतर तिथं फक्त दहा टक्के उजेड लागतो, तोही पिवळसर. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांवर पांढरा झोत टाकू नये.

लाइट गेली आणि रात्री तीन वाजता परत आली की घरभर दिवे पेटतात. (नांदेड)

कारणं दोन. स्मार्ट बल्बमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ ही सेटिंग असते आणि ती बहुधा ‘चालू’वर असते. ती ‘आधीच्या स्थितीत’ करा. दुसरं कारण प्रोग्रामिंगमधलं. वीज आल्यावर सेन्सर ‘उपलब्ध नाही’ या स्थितीतून थेट ‘चालू’वर उडी मारतो आणि तुमचं ऑटोमेशन त्यालाच हालचाल समजतं. ट्रिगरमध्ये ‘बंद वरून चालू’ असं दोन्ही बाजूंनी लिहा. शिवाय सिस्टिम पुन्हा सुरू झाली की अर्धवट राहिलेली मोजणी पुसली जाते आणि लाइट सकाळपर्यंत जळत राहते. यासाठी दर अर्ध्या तासानं ‘सेन्सर बंद, तरी लाइट चालू’ हे तपासणारं वेगळं छोटं ऑटोमेशन ठेवा. राउटर आणि हब (सेन्सर-बल्ब ज्याला जोडलेले असतात ती पेटी) इन्व्हर्टरवर घ्याच.

मांजरामुळे अंगणातली लाइट लागते. (बीड)

सेन्सरच्या लेन्सचा खालचा भाग आतून चिकटपट्टीनं झाका.

पीआयआर काढून रडार सेन्सर घेऊ का? आमच्या अभ्यासिकेत पोरं तासन्‌तास न हलता बसतात. (लातूर)

अभ्यासिकेसाठी जरूर घ्या. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचा रडार श्वासानं होणारी छातीची हालचालही टिपतो, म्हणून वाचत बसलेल्या पोराच्या डोक्यावरची लाइट जाणार नाही. मात्र छताचा पंखा आणि हलणारा पडदा त्यालाही माणूस वाटू शकतो, आणि आपल्याकडे पंखा आठ महिने बंद होत नाही. त्याला पंख्याच्या सरळ रेषेत लावू नका आणि त्याच्या टप्प्याचं अंतर खोलीपुरतंच ठेवा, कारण पातळ पार्टिशनपलीकडचा माणूसही त्याला कळतो. मी दोन्ही एकत्र वापरतो. लाइट लावायचं काम पीआयआरचं, कारण तो पंख्याला फसत नाही. चालू ठेवायचं काम रडारचं. बंद करताना दोघंही ‘कुणी नाही’ म्हणाले पाहिजेत. आणि भिंतीवरचं बटण काढू नका. परीक्षेच्या रात्री पोरांना लाइट हातानं लावता आली पाहिजे.