जाम बोल्ट, गेलेले कोपरे आणि आत तुटलेला इझी-आऊट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, वडिलांची जुनी पेट्रोल कार आहे, पंचवीस वर्षं होऊन गेली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा भाग) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, गेलंय, स्टार्ट केली की फटफट आवाज येतो, म्हणून घरीच काढायला घेतलं. आठपैकी सहा नट निघाले, दोन हलायलाच तयार नाहीत. दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारतोय. काल पान्याला पाइप लावून जोर दिला तर एक नट फिरल्यासारखा वाटला पण आवाज नाही काही नाही, नुसतं मऊ मऊ, च्युइंगम पिळल्यासारखं. घाबरून सोडून दिलं. अजून जोर लावू का?

उत्तर : नाही, अजिबात लावू नका, आणि थांबलात हे फार चांगलं केलंत. ते मऊ वाटणं म्हणजे बहुतेक नट सुटत नव्हता, स्टड (इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये बसवलेली आट्यांची सळई, जिच्यावर नट बसतो) पिळला जात होता. जाम नट खरंच सुटतो तेव्हा कट्ट असा आवाज येतो, हाताला झटका बसतो, आणि मग तो परत घट्ट लागतो पण फिरतो. स्टड पिळतो तेव्हा झटका नाही आवाज नाही, पाना नुसता पुढे जात राहतो आणि जोर वाढतही नाही कमीही होत नाही. म्हणजे आतलं स्टील ताणलं गेलंय आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुटणार. हा फरक हाताला एकदा कळला ना की निम्मे बोल्ट वाचतात.

खात्री करायची असेल तर व्हाइटनर घ्या. स्टडच्या टोकावर, नटावर आणि शेजारच्या मॅनिफोल्डवर अशी एकच सरळ रेघ मारा आणि मग हलकाच जोर द्या. नटावरची रेघ सरकली आणि स्टडवरची जागेवर राहिली, तर नट आट्यांवर फिरतोय, उत्तम. दोन्ही रेघा सोबत सरकल्या तर दोन शक्यता, एक तर स्टडच हेडमधून बाहेर येतोय (ते चालेल, स्टड नवीन टाकता येतो) नाहीतर पिळतोय. नटाखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. एम८ च्या, म्हणजे ८ मिमी जाडीच्या स्टडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारणपणे १.२५ मिमी असतो, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात नट साधारण ०.६ मिमी वर उचलला जायला हवा. अर्धा फेरा होऊनही फट पडली नसेल तर पिळतोय, पाना खाली ठेवा.

आता डब्ल्यूडी-४० बद्दल. ते १९५३ मध्ये बनवलं ते पाणी हटवायला, नावातच ते आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. थोडंफार काम करतं पण इतक्या भाजलेल्या स्टडला खास पेनिट्रेटिंग ऑइल लागतं, आणि त्याहून जास्त लागतो वेळ. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आट्यांमधली सगळी फट भरून टाकतो, तेलाला आत शिरायला केसाएवढीच वाट उरते. म्हणून आधी वायर ब्रशने स्टडचं उघडं टोक चकचकीत करा, तेल टाका, नटाच्या डोक्यावर हातोडीने दहा-बारा ठोके द्या (जोरात नाही, टकटक), आणि सोडून द्या. संध्याकाळी परत, सकाळी परत. काही जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळतात, तेही चांगलं चालतं, फक्त दोन्ही लगेच वेगळी होतात म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं, आणि ॲसिटोन पेंट खातो आणि पटकन पेटतो.

तीन दिवसांत नाही निघाला तर उष्णता. पण त्याआधी तेल पूर्ण पुसून वाळू द्या, पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग बाजूला, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. आणि ज्या ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतं तो मारलेल्या जागेवर ज्वाला नेऊच नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, हे मी प्रत्येकाला सांगतो. ज्वाला नटावर धरायची, स्टडवर नाही. नट फुगला पाहिजे, स्टड थंड राहिला पाहिजे. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ज्वाला तिकडे अजिबात नको, कारण ॲल्युमिनियम स्टीलसारखं लाल होऊन इशारा देत नाही, साधारण ६६० अंशाला सरळ वितळतं. नट लालसर झाला की ज्वाला बाजूला, लाली गेली की मेणबत्ती आट्यांना टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना, आणि आधी थोडा टाइट करायच्या दिशेला, मग सोडायच्या, परत टाइट. तपकिरी पावडर बाहेर यायला लागली की समजा आटे मोकळे होतायत. एका दमात पूर्ण काढू नका, पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेल, परत. तुमचा एक स्टड आधीच पिळलाय, त्याचा नट सरळ नट स्प्लिटरने किंवा छिन्नीने उभा फोडा. नट स्वस्तात मिळतो, हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं हे दुसरंच दुखणं आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या ब्रिटिश गाडीच्या बोल्टचं डोकं गोल झालंय. १३ चा पाना बसत होता म्हणून लावला, दोनदा सटकला आणि कोपरे गेले. आता काय?

उत्तर : तो बोल्ट बहुतेक अर्धा इंचाचा होता, म्हणजे १२.७ मिमी. १३ बसतो, पण ती ०.३ ची फट कोपरे खायला पुरते. जुन्या गाडीत इंची आणि मिलिमीटर दोन्ही भेटू शकतात, ब्रिटिश गाड्यांत तर व्हिटवर्थ हे जुनं ब्रिटिश मापही, त्याच्या पान्यांचे आकडे अजून वेगळे, म्हणून व्हर्नियरने डोकं मोजा मगच पाना उचला. आणि जाम बोल्टला बारा कोनांची गोटी (सॉकेट) नको, सहा कोनांची घ्या, ती कोपऱ्यावर नाही तर सपाट बाजूवर जोर देते.

आता गोल झालेल्या डोक्यावर किंचित लहान, सहा कोनांची १२ ची गोटी हातोडीने ठोकून बसवा. ठोकण्याचा धक्का आट्यांनाही लागतो, तो फायदाच. नाही बसली तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान फिक्स पाना. डोकं पूर्ण गेलं असेल तर त्यावर नवा नट ठेवून मधून वेल्डिंग करून घ्या, हा माझा सगळ्यात आवडता उपाय, कारण पकडही नवी मिळते आणि वेल्डिंगची उष्णताही थेट बोल्टच्या पोटात जाते. बॅटरी मात्र आधी काढा. बोल्ट ब्रेक पाइपचा असेल तर हे काहीही करू नका, तिथे फ्लेअर नटचाच पाना, आणि तरी नाही निघाला तर पाइप कापून नवीन टाका.

प्रश्न : थर्मोस्टॅट हाउसिंगचा एम६ बोल्ट तुटला, भोक पाडून इझी-आऊट (तुटलेला बोल्ट आतून पकडून काढायची उलट्या आट्यांची काडी) घातला तर तोही आतच तुटला. ड्रिल त्यावर नुसतं घसरतंय. मार्ग आहे का?

उत्तर : आहे, पण साध्या ड्रिलने नाही, कारण इझी-आऊट कडक केलेल्या स्टीलचा असतो आणि ड्रिलची धारच जाते. माझ्याकडूनही हेच झालंय, थर्मोस्टॅटचाच बोल्ट होता, आणि मी दोन तास ड्रिल मारत बसलो, ते शेवटी बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये सरकलं आणि भोक अंड्यासारखं झालं. तुम्ही आत्ताच थांबा. कार्बाइडच्या बर्रने (फिरत्या कानशीसारखं टोक) हळूहळू झिजवता येतो, हात स्थिर पाहिजे, गॉगल पाहिजे. भाग निघत असेल तर काढून स्पार्क इरोजन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्या, ठिणग्यांनी ते फक्त तुटलेला तुकडा जाळून काढतात, आटे बहुतेक वेळा वाचतात.

पुढच्या वेळेसाठी एक विचार करून बघा. जो बोल्ट १० च्या पान्याने डोकं तुटेपर्यंत हलला नाही, तो त्याच्याहून बारीक काडीने कसा निघेल? इझी-आऊट कामाचा तेव्हाच, जेव्हा बोल्ट ढिला आहे आणि फक्त पकडायला काही उरलं नाही. बाकी वेळी बरोबर मध्यावर पंच मारायचा (यात घाई केली की सगळं वाया), ३ मिमीपासून सुरू करून उलट्या दिशेचं ड्रिल वापरायचं, बरेचदा तेच बोल्टला बाहेर घेऊन येतं. एम६ ला ५ मिमी आणि एम८ ला ६.८ मिमीपर्यंत भोक नेलं की आट्यांत फक्त स्प्रिंगसारखी तार उरते, ती टोच्याने ओढायची आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची तारेची नवी आट्यांची गुंडाळी, ॲल्युमिनियममध्ये तो बरेचदा मूळ आट्यांपेक्षा जास्त भक्कम बसतो.

प्रश्न : परत बसवताना सगळ्या बोल्टना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून आट्यांना लावायची पेस्ट) लावू का?

उत्तर : एक्झॉस्टला लावा, ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टीलच्या बोल्टला लावा. पण त्याने घर्षण कमी होतं, मॅन्युअलमधला टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) कोरड्या आट्यांचा असेल तर तेवढाच दिल्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क कमी करावा लागतो. चाकाच्या नटांना मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. आणि नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावरचा मजबुतीचा आकडा बघा, १०.९ च्या जागी ८.८ बसवू नका.